त्रेसष्ट नंबरची पेटी

आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर म्हणाल, बाईने उगाच झुलवत ठेवलं. माझ्या दादाने एक पेटी उलटी भरली होती. त्या पेटीपायी खाणीत तीन माणसं गेली आणि त्यातला एक माझा नवरा. दादाला ते अपघातानंतर पाचव्या दिवशी कळलं. पुढची एकोणीस वर्षं त्याने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, मलासुद्धा नाही. आणि मी कुठे होते? त्याच्याच घरात. त्याच्याच हाताखाली नोकरी करत होते आणि दोन वेळा त्याला गरम जेवायला वाढत होते.

दादा जाऊन आता तीन वर्षं झाली. लोक अजून म्हणतात, देवमाणूस होता. मी काही बोलत नाही. बोलायचं तर पेट्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि रस्त्यात उभं राहून एवढं ऐकायला वेळ कोणाला आहे!

आमच्या वस्तीमागच्या टेकडीच्या पोटात तांबं आहे. तांबं म्हणजे भांड्याचं चकचकीत नव्हे हं. काळपट दगडात पिवळ्या ठिपक्यांची शीर असते, कुठे हातभर जाड, कुठे दोन पुरुष. ती किती खोल आहे ते वरून कळत नाही, म्हणून यंत्राने भोक पाडतात. पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याच्या कणांचे दात असतात. नळी खडक कापत खाली जाते आणि तिच्या पोटात दगडाची गोल कांडी शिल्लक राहते. ती वर काढायची आणि तुकडे लाकडी पेटीच्या खणांत ओळीने लावायचे, आपण वाचतो तसे. डावीकडून उजवीकडे, वरच्या खणातून खालच्या खणात. वरचा दगड आधी, खालचा नंतर. एक पेटी म्हणजे जमिनीचे पाच मीटर. पेट्या बघून साहेब लोक नकाशा काढतात आणि त्या नकाशावर भरवसा ठेवून माणसं आत जातात.

या पेट्या भरायच्या, नंबर घालायचे आणि शेडमध्ये सांभाळायच्या, हे दादाचं काम. सगळी वस्ती त्याला पेटीवाला म्हणायची. शेड म्हणजे पत्र्याची लांबलचक इमारत. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांत हजारो पेट्या. ओल्या दगडाचा आणि जुन्या लाकडाचा वास. भर दुपारी पत्रा तापला की कुठेतरी कट्ट आवाज व्हायचा आणि नवखा माणूस दचकायचा. दादाला मात्र डोळे बांधून सोडला असता तरी त्याने हवी ती पेटी काढून दिली असती.

तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. माझी वेणी घालायला शिकला होता. वाकडी घालायचा, पण घालायचा.

आमचे हे सुरुंगवाले होते. खडकात भोकं पाडायची, त्यांत दारू भरायची, तारा जोडायच्या, लांब जायचं आणि उडवायचं. रोज सकाळी निघताना म्हणायचे, "जरा उडवून येतो." दादाची आणि त्यांची दोस्ती आधीपासूनची. लग्नानंतर ते त्याला मुद्दाम 'मेव्हणेबुवा' म्हणायचे आणि तो चिडायचा. कामात मात्र हे इतके मोजूनमापून की बरोबरचे लोक चिडवायचे, "दारू काय घरून आणतोस का रे कंजुषा?" चिमूटभर कमीच भरायचे. "खडक पडायला हवा, घाबरायला नको," असं म्हणायचे.

चार वर्षं संसार झाला. मग एका सकाळी उत्तरेच्या बोगद्यात यांनी सुरुंग उडवला, धूर निवल्यावर हे, छताला टेकू देणारा टेकूवाला आणि दगड बाहेर ओढणारा ट्रॉलीवाला, असे तिघं आत गेले आणि छत खाली आलं. नुसतं छत नाही. वरून पाणी आणि चिखल आला, तो सगळा बोगदा भरून गेला. मी कपडे वाळत घालत होते. भोंगा झाला, तो थांबेचना. टेकूवाला तिसऱ्या दिवशी सापडला, ट्रॉलीवाला चौथ्या दिवशी. हे सापडलेच नाहीत. आणखी चिखल येतोय म्हणून शोध थांबवला आणि बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधली. माझा नवरा भिंतीच्या पलीकडे राहिला.

चौकशीचा निकाल मोठ्या हॉलमध्ये वाचून दाखवला. नकाशाप्रमाणे छतात चार मीटर घट्ट खडक होता. त्याच्या वर चुऱ्याचा पट्टा, म्हणजे फुटका, मातकट, पाणी धरून ठेवणारा खडक. चार मीटर घट्ट खडक आपोआप फुटत नाही, तेव्हा सुरुंग प्रमाणाबाहेर भरला असणार. म्हणजे दोष सुरुंगवाल्याचा. मी उभी राहून ओरडले, "अहो, ते चिमूटभर कमी भरायचे! विचारा ना कोणालाही!" कोणी विचारलं नाही. दादा माझ्या शेजारी बसला होता, मान खाली घालून. मला वाटलं, बिचाऱ्याला दुःख झालंय.

त्यानंतर माझं काय झालं विचारू नका. विधवा तिघी झालो, पण दोघींना सहानुभूती आणि मला नजरा. टेकूवाल्याची बायको पाण्याच्या रांगेत मी आले की बादली उचलून निघून जायची. एकदा भर बाजारात म्हणाली, "हिच्या नवऱ्याला घाई झाली होती, म्हणून माझी पोरं उघडी पडली." ट्रॉलीवाल्याची बायको माहेरी निघून गेली. मागे राहिला त्याचा म्हातारा बाप, तो मला बघितलं की दार लावून घ्यायचा. मी काय बोलणार? कागदावर शिक्का होता.

दादाने मला आपल्या घरी आणलं. खटपट करून शेडमध्ये कामाला लावलं. त्याचं लग्न ठरत आलं होतं, ते त्याने मोडलं. का, तर बहिणीकडे कोण बघणार! सगळी वस्ती म्हणायची, असा भाऊ शोधून सापडणार नाही. कोणी तोंडावर असं म्हणालं की दादा उठून जायचा. विनय म्हणतात तो हाच, असं मला वाटायचं. काय पण अक्कल माझी!

शेडमधलं माझं काम साधं. पेटीवरची धूळ झटकायची, दगडावर पाणी मारायचं, कारण ओला झाल्याशिवाय दगड खरा रंग दाखवत नाही. मग सांगतील तो तुकडा करवतीने उभा कापायचा, कुटायचा, कापडी पिशवीत भरून चिठ्ठी बांधायची. सतरा नंबरच्या भोकाच्या पेट्या शेडच्या टोकाला होत्या. उत्तरेच्या बाजूला तेवढं एकच भोक पाडलेलं. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट या तीन पेट्या म्हणजे ज्या छताखाली आमचे हे राहिले, तेच छत. मला ते ठाऊक होतं. त्रेसष्टवर पाणी मारताना दर वेळी मनात यायचं, हा दगड त्यांच्या डोक्यावरचा आहे, आणि तो माझ्या हातात आहे. मग मी जरा जास्तच वेळ पाणी मारायचे. कधीकधी वाटायचं, मागे कोणीतरी उभं आहे, चिखलाचा वास येतोय. वळले की मांडण्या आणि मांडण्याच.

दादाचं तर काही विचारूच नका. त्याला खूळ लागलं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल खडूने बाण काढायचा, वरची बाजू कुठली ते दाखवणारा. डब्यांवर, उशीवर, साबणाच्या वडीवर. साबणाला मेलं कसलं वर आणि खाली? मी वैतागून म्हणायचे, "आता माझ्या कपाळावर पण काढ एक. उलटी झोपले तर कळायला नको?" तो हसायचा नाही. गळणाऱ्या नळाचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. आमच्या नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली असायची, म्हणजे थेंब कापडावरून निमूट उतरेल. शेजाऱ्यांचा नळ गळला तरी हा पाना घेऊन त्यांच्या दारात.

आणि सगळ्यात वाईट ते 'आलो'. शेडमध्ये आम्ही दोघंच, टळटळीत दुपार, मी चिठ्ठ्या लिहितेय. दादा एकदम उठायचा, "आलो, आलो," म्हणत टोकाकडे चालायला लागायचा.

"कोणी हाक मारली?"

"मारली ना."

"अरे कोणी? इथे आहे कोण?"

तो सतरा नंबरच्या मांडणीपाशी दोन मिनिटं उभा राहायचा आणि परत यायचा. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा राग यायचा, आणि राग यायचा तो यांचा. हाक मारायची तर बायकोला मारा ना! मेव्हण्याला काय मारता? मी अशी कान देऊन बसायचे, पण मला कधी ऐकू आली नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग नव्या बाई आल्या.

नव्या बाई खडकांच्या तज्ज्ञ. वय तिशीच्या थोडं पुढे, गळ्यात दोरीला भिंग, चालणं तुरुतुरु. दगड सरळ जिभेला लावून बघायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "बाई, डबा आणला नाहीत का?" त्या खळखळून हसल्या, तेव्हापासून आमचं जमलं. विजेवर चालणाऱ्या गाड्या, पवनचक्क्या, त्यांच्या तारा, सगळ्याला तांबं लागतं, म्हणून आमच्या खाणीतले बंद पडलेले बोगदे पुन्हा उघडायचं ठरलं होतं. बाईंनी तीन महिने जुन्या पेट्या तपासल्या आणि एका सोमवारी सतरा नंबरपाशी पोचल्या. मी बासष्ट ते चौसष्ट काढून टेबलावर मांडल्या, पाणी मारलं. दादा दाराशी उभा होता.

"हे बघा!" बाई खूश झाल्या. "त्रेसष्टच्या सुरुवातीलाच चुऱ्याचा पट्टा संपतो. मग चार मीटर नुसता घट्ट खडक, आणि मग चौसष्टमध्ये तांबं. एवढं चांगलं छत नशिबाने मिळतं. त्या वेळच्या सुरुंगवाल्याने घाई केली, बाकी काही नाही. या वेळी बेताने उडवू."

मी भांडं खाली ठेवलं. "तो सुरुंगवाला माझा नवरा," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा उतरला. माझा हात धरून माफी मागितली. मी म्हटलं, राहू दे, तुम्ही कागदावर आहे तेच बोललात. मग मला राहवेना. "बाई, तो बोगदा उघडलात तर माझा माणूस सापडेल?"

त्या थापा मारणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण त्याच बाजूने जाणार आहोत. शुक्रवारी मी नकाशावर सही करते. पुढच्या सोमवारी पहिली तुकडी आत जाईल."

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. आनंदाने हो! एकोणीस वर्षांनी कोणीतरी यांच्याकडे जायला निघालं होतं. दादाकडे बघितलं तर तो दारात नव्हता.

त्या दिवसापासून दादाने जेवण टाकलं. ताटावर बसायचा, बोटं फिरवायचा, उठायचा. बुधवारी सकाळी मला विचारलं, "तुला तो सापडायला हवाय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"हाडंच असतील गं."

"असू देत. माझी आहेत ती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, जुनी आठवण निघाली. मी उलट त्याची समजूत घातली, बघा!

गुरुवारी दुपारी बाई शेडमध्ये आवराआवर करत होत्या. पहिल्या तुकडीची यादी टेबलावर होती. मी सहज विचारलं, कोण कोण जातंय. बाईंनी वाचून दाखवलं. आठ माणसं. तिसरा होता टेकूवाल्याचा मोठा मुलगा, आता तोही टेकूवाला झालेला. बापाच्याच जागी, बापाच्याच छताखाली. दादा पेट्या उचलत होता. त्याच्या हातातली पेटी मांडणीवर आपटली.

"बाई, सही करू नका," तो म्हणाला.

"का?"

"त्रेसष्ट नंबरची पेटी उलटी आहे."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दादाने मांडणीतून ती पेटी काढली, टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी फिरवली. जी बाजू वर होती ती खाली गेली, डावीकडचं उजवीकडे. बासष्ट शेजारी मांडली. बासष्टचा शेवटचा तुकडा उचलला, फिरवलेल्या त्रेसष्टचा पहिला तुकडा उचलला आणि दोघांच्या तुटक्या कडा एकमेकांना लावल्या. फुटलेल्या कपाला त्याचा कान बसावा तशा बसल्या. बाईंनी ते दोन्ही तुकडे आपल्या हातात घेतले. भिंग लावलं. दोनदा सोडवून पुन्हा लावून पाहिले.

मला काय कळायचं ते कळलं, कारण मी ते काम एकोणीस वर्षं करत होते. पेटी अशी फिरवली की चुऱ्याचा पट्टा सुरुवातीला राहत नाही. तो शेवटी येतो, तांब्याला अगदी चिकटून. म्हणजे चार मीटर घट्ट खडक तिथे कधी नव्हताच. यांच्या डोक्यावर वीतभर दगड होता आणि त्याच्या वर पाणी. चिमूटभर दारूने जे व्हायचं ते झालं.

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"अपघातानंतर पाच दिवसांनी. मला चैन पडेना, म्हणून कडा लावून बघितल्या." दादा बाईंशी बोलत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "जुन्या साहेबांना कळलं नाही, कारण चुऱ्याला कड नसते, जुळवून बघणार काय? आणि चौसष्टचा पहिला तुकडा नमुन्यासाठी कापून नेलेला. नुसती पेटी फिरवून नंबर बदलला असता तर कोणालाच कधी कळलं नसतं. तेवढी लबाडी मला जमली नाही. आणि सांगायचीही हिंमत झाली नाही."

"पण तुम्ही अशी चूक केलीतच कशी? तुम्ही?"

दादा म्हणाला, "भोकावर काम चालू होतं. मी त्रेसष्टची रिकामी पेटी नुकती समोर घेतली होती. सुरुंगवाला भेटायला आला, पेटीच्या पलीकडे उभा राहिला. म्हणाला, तुझी बहीण मला आवडते, देशील का? मला इतका आनंद झाला, बाई, की मी पेटी ओलांडून पलीकडे गेलो, त्याला मिठी मारली, आणि तिकडेच बसून काम केलं. त्याच्याशी बोलत बोलत. पेटी रिकामीच होती, पहिला तुकडा मी पलीकडून लावला. सगळी पेटी पलीकडून भरली. मग उठलो, अलीकडे आलो आणि नंबर घातला."

माझ्या लग्नाचा शब्द दिला त्याच तासाला त्याने माझ्या नवऱ्याचं छत उलटं लावलं होतं. मी त्याला मारलं. हो, मारलं. भावावर हात टाकला, मोठ्या भावावर, दोन-तीनदा, छातीवर. तो हलला नाही. बाईंनी मला ओढून बाजूला घेतलं.

बाईंनी नकाशावर सही केली नाही. यादी फाडली. दुसऱ्या दिवशी दादाकडून सगळं लिहून घेतलं. पुढे चौकशी झाली, पहिला निकाल रद्द झाला, उत्तरेचा बोगदा कायमचा बंद ठरला. म्हणजे हे तिथेच राहिले, आणि राहतील. ते मला कागद यायच्या आधीच कळलं होतं.

पण त्या शुक्रवारी लिहून देऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा दादा घराच्या रस्त्याला लागला. मी म्हटलं, "तिकडे नाही. कागदावर सांगितलंस, आता माणसांना सांग."

तो निमूट माझ्या मागून आला.

पहिलं घर ट्रॉलीवाल्याच्या बापाचं. म्हातारा नव्वदीला टेकलेला, खुर्ची टाकून दारात बसला होता. मला बघून दार लावायला उठायला लागला. दादा पुढे झाला.

"मी शेडचा पेटीवाला. त्रेसष्ट नंबरची पेटी मी उलटी भरली."

"काय?" म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

"पेटी उलटी भरली! सुरुंगवाल्याचा दोष नव्हता!"

"ऐकू येत नाही रे! मोठ्याने बोल!"

मग दादा ओरडला. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस भर गल्लीत ओरडून सांगत होता, की तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. खिडक्या उघडल्या. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. म्हाताऱ्याला तिसऱ्या वेळी कळलं. तो बराच वेळ हनुवटी हलवत राहिला. मग मला म्हणाला, "पोरी, तुझा नवरा मला रोज नमस्कार करायचा." एवढंच. दादाशी तो एक शब्द बोलला नाही.

दुसरं घर टेकूवाल्याच्या बायकोचं. तिच्या कानावर गल्लीतूनच गेलं होतं, ती दारात येऊन उभी होती, मागे तिचा मुलगा. दादाने तेच शब्द पुन्हा उच्चारले. तिने ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाली, "चूक होते. माझ्याही हातून होते. आणि तू तोंड उघडलंस म्हणून हा सोमवारी आत जाणार नाही, तेही मी विसरणार नाही. पण हिला मी एकोणीस वर्षं काय काय बोलले, ते तू रोज बघत होतास. घरी जाऊन हिच्या हातचं जेवत होतास. ते कसं गिळलंस रे?"

तिने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. आम्ही दोघीही रडलो. मला तिचा रागही येत होता, खोटं सांगत नाही. पण हात सोडवून घ्यावासा वाटला नाही.

घरी आलो. कुलूप मी काढलं, आत गेले आणि वळून दारातच उभी राहिले. दादा पायरीवर थांबला.

"तिसरं घर," मी म्हटलं.

"तुला सगळं माहीत आहे आता."

"बाईंना सांगितलंस, ते मी ऐकलं. मला तू अजून सांगितलेलं नाहीस."

त्याने हात पुढे जुळवले, साहेबासमोर उभा राहायचा तसे. दोन्ही घरी 'मी पेटीवाला' म्हणून सुरुवात केली होती. इथे ते त्याच्या तोंडून निघेना.

"मी तुझा दादा," तो म्हणाला. "त्रेसष्ट नंबरची पेटी मी उलटी भरली. तुझा नवरा माझ्यामुळे गेला. त्याच्यावर आळ आला तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलो होतो, मला खरं माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. नंतरही रोज गप्प राहिलो. तू मला सोडून जाशील याची भीती वाटली."

मग तो रडायला लागला, हुंदके देऊन. म्हातारा माणूस, केस पांढरे, पायरीवर उभा. रडता रडताच त्याने विचारलं, "आत येऊ का?"

घर त्याचं होतं. मी आश्रित, आणि तो मला विचारत होता. मला वेणी घालणारा हाच, आणि माझ्या नवऱ्याचं नाव चिखलात राहू देणाराही हाच.

"थांब," मी म्हटलं. "यांना विचारते."

मी मागे वळले. समोर रिकामी खोली, दोन खुर्च्या, उन्हाचा एक पट्टा. मी खरंच विचारलं, मोठ्याने विचारलं, "अहो, तुमचे मेव्हणेबुवा आलेत. येऊ दे का?" आणि उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. सगळं अंग कान झालं होतं. मागे दादाही हुंदका गिळून ऐकत होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. आतून कोणी काही बोललं नाही.

मग मीच दारातून बाजूला झाले.

"ये," मी म्हटलं. "पण आज माझ्याशी बोलू नकोस."